बंडूचं स्थळ

"बंडूसाठी स्थळ बघू राहिले मी," आई फोनवर म्हणाली.

मार्च 2024. मी ऑफिसच्या कॅबमध्ये, हिंजवडीच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. दोन सेकंद मला काही कळेचना. मग ट्यूब पेटली. बंडू म्हणजे आमचा बंडू! जळगावच्या घरी मागच्या पडवीत राहणारा, हिरव्या अंगाचा, गुलाबी तोंडाचा, मुठीत मावेल एवढा आणि आवाज मात्र गल्लीभर. आमचा लव्हबर्ड.

नात्यातल्या मंडळींना बंडू माहीत आहे (मामी, तुझ्या चष्म्याची दोरी त्यानेच कुरतडली होती, विसरली नसशीलच). बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते.

बाबा रिटायर झाल्यावर दुपार कशी घालवायची हा त्यांच्यापुढचा मोठाच प्रश्न होता. 2018 च्या दिवाळीत ते एक पिंजरा घेऊन घरी आले. आत दोन पक्षी, दांडीवर एकमेकांना चिकटून बसलेले. "जोडी आहे," बाबा अभिमानाने म्हणाले. "हा नर, ही मादी. दुकानदाराने सांगितलं." नराचं नाव बंडू, मादीचं बेबी. मग बाबांचा दिनक्रमच ठरून गेला. सकाळी राळे आणि बाजरी, दुपारी कोथिंबिरीची काडी, संध्याकाळी मक्याच्या कणसाचा तुकडा. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर गेला की कूलरच्या वाऱ्यात आधी पिंजरा, मग बाबा आणि उरला वारा तर आम्ही.

बेबीने अंडी घातली तेव्हा तर बाबांनी पेढेच आणायचे बाकी ठेवले होते. आठ अंडी! रोज टॉर्च लावून बघायचे. पिल्लं काही झाली नाहीत. सहा महिन्यांनी परत आठ. परत काही नाही. "हवामान मानवत नसेल," बाबा म्हणायचे. हे लक्षात ठेवा, याचा उलगडा पुढे होणार आहे.

एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. त्या महिन्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही.

पक्षी आईकडे आले. तिला त्यांची कधीच फारशी हौस नव्हती. बाबांचं म्हणून ती करत राहिली. आणि जानेवारी 2024 मध्ये एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी बेबी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दिसली. आईने तिला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. बंडू दिवसभर ओरडत होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चहाला आल्या, पिंजऱ्याकडे बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, "आता हाही जाईल बघा. एक गेला की दुसरा झुरून मरतो म्हणतात यांच्यात."

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कुठे मेले?"

काकू बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की काही विचारू नका. त्यांच्या मनात तसं काहीच नव्हतं. पण आईच्या मनात ते वाक्य रुतून बसलं असावं, कारण मला तिने ते फोनवर तीनदा सांगितलं, दर वेळी हसत.

आता खरं काय ते सांगते. झुरून मरतो ही समजूत जगभर आहे, आणि तिचं मूळ यांच्या नावातच आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅगापॉर्निस, ग्रीकमध्ये अगापे म्हणजे प्रेम आणि ऑर्निस म्हणजे पक्षी. फ्रेंच आणि जर्मन भाषांमध्ये तर यांच्या नावाचा अर्थच 'एकमेकांपासून वेगळे न होणारे' असा आहे. एकूण नऊ जाती. आठ आफ्रिका खंडातल्या, एक मादागास्कर बेटावरची. बंडूची जात गुलाबी तोंडाची, नामिबिया आणि अंगोलाच्या कोरड्या रानातली. जोडीदारावर यांचा जीव असतो हे खरंच. तो गेला की शोधतात, हाका मारतात, कधी खाणं कमी करतात, कधी स्वतःची पिसं उपटतात. पण बरेचसे जगतात. नीट सांभाळले तर हे पक्षी दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. आणि मनाजोगता सोबती मिळाला तर पुन्हा जोडीही जमते.

बंडूही जगला. पण त्याने आईला धरलं.

आधी ती दार उघडं ठेवायची, तो बाहेर यायचा. मग तिच्या खांद्यावर बसू लागला. आई भाकरी थापतेय, हा खांद्यावर. आई पोथी वाचतेय, हा खांद्यावरून उतरून पानाची कड चावतोय. आई खांद्यावर जुना नॅपकिन टाकायला लागली (कारण तुम्ही समजू शकता). व्हिडिओ कॉलवर मला अर्धी आई आणि अर्धा बंडू दिसायचा. आम्ही हसायचो. दादा कॅनडातून म्हणायचा, "चला, आईला सोबत झाली."

आज हे लिहिताना प्रामाणिकपणे सांगते, ते वाक्य आम्हा दोघांनाही फार सोयीचं होतं. बाबा गेल्यावर मी रोज फोन करायचे. बंडू खांद्यावर बसायला लागल्यापासून तो दोन दिवसांआड झाला, मग रविवारवर आला. आई एकटी नाही, बंडू आहे ना! सत्तर वर्षांची आई आम्ही पन्नास-साठ ग्रॅमच्या पक्ष्यावर सोपवली होती.

आणि तिकडे काय चाललं होतं? आई भाजी आणायला गेली की हा ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायचा. तिने महिला मंडळ सोडलं. फेब्रुवारीत धुळ्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथून ती पंगत उठायच्या आत निघाली आणि तीनच्या एसटीने परत आली. पुण्याला ये म्हटलं की "बंडूचं काय करू?" परत आल्यावर त्याच्या छातीवरची चार पिसं गळलेली दिसली की दोन दिवस स्वतःला बोल लावायची.

म्हणून स्थळ.

पहिलं 'स्थळ' माझ्या आतेभावाने आणलं. चुकीचं. बाजारात जाऊन "लव्हबर्ड द्या" म्हणाला, त्यांनी दिला. निळा, शेपटीवाला, गोड. आईने एका नजरेत सांगितलं, "हा आपल्यातला नाही." तिचं बरोबर होतं. आपल्याकडे बाजारात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगार असतो. तो ऑस्ट्रेलियाचा. अंगाने सडपातळ, लांब शेपटीचा, स्वभावाने मवाळ. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि चांगलाच भांडकुदळ. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर मार बजरीगारच खाणार. लव्हबर्ड बोटं चावून तोडतात, ही अतिशयोक्ती नाही. तो निळा पाहुणा शेजारच्या काकूंच्या नातवाकडे गेला. त्याच्याकडे आधीचे तीन होतेच. काकूंचं आणि आईचं पुन्हा गोत जुळलं, हा त्यातला फायदा.

कोणीतरी सुचवलं, पिंजऱ्यात आरसा लावा. आईने लावला आणि दोन दिवसांत काढला. बंडू आरशातल्या पक्ष्याला दाणे भरवायचा प्रयत्न करत होता. "समोरचा घेतच नाही, हा देतच राहतो," ती म्हणाली. "नको बाई ते."

एका विक्रेत्याने हळूच विचारलं, "ताई, त्यापेक्षा आपल्या पोपटाचं पिल्लू नेता का?" हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपला देशी हिरवा पोपट पकडणं, विकणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या आत्याकडे वीस वर्षं होता, तरीही.

मग पुढचा प्रश्न. बंडूसाठी मादी शोधायची, पण बंडू नर आहे हे कशावरून? दुकानदाराने सांगितलं म्हणून! या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. दादाने कॅनडातून वाचून काढलं, मी इथे वाचून काढलं, आणि शेवटी खूण दिली आईनेच. "तो पेपर फाडतो ना, ते बघ एकदा."

मी मेमध्ये आठ दिवस जळगावला गेले होते तेव्हा बघितलं. बंडू वर्तमानपत्राच्या कडेने चोच चालवत जातो, शिलाई मशीनसारखी टक टक टक, आणि अगदी सरळ, बोटभर लांब पट्टी कापून काढतो. मग मान मागे वळवून ती पट्टी पाठीच्या खालच्या पिसांमध्ये खोचतो. एक, दोन, तीन... मागून खराटा लावल्यासारखा दिसायला लागतो. ही घरट्याची सामग्री वाहून न्यायची या जातीची रीत आहे, आणि ती मुख्यत्वे मादीची! आपल्या सुगरण पक्ष्यात खोपा नर विणतो, इथे उलटं. आई आसोद्याजवळची, त्यामुळे सुगरण म्हटलं की बहिणाबाईंचा विषय निघणारच. तिला मी सांगितलं की नामिबियात बंडूचे भाईबंद सुगरणीच्याच कुळातल्या पक्ष्यांनी बांधलेल्या भल्यामोठ्या सामाईक घरट्यांमध्ये बिऱ्हाड करतात. "म्हणजे दुसऱ्याच्या खोप्यात भाडेकरू," आई म्हणाली. तिला ते फारच आवडलं.

या पट्ट्यांवर एक प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर नावाच्या शास्त्रज्ञाने बंडूच्या जातीचा आणि फिशर नावाच्या जातीचा संकर केला. फिशर जातीचे पक्षी पट्टी चोचीत धरून नेतात, पिसांत खोचत नाहीत. संकरातून झालेल्या पिल्लांची मोठीच पंचाईत झाली. ती पिसांत खोचायला जायची, पट्टी काही केल्या राहायची नाही. चोचीत धरून न्यायचं हे त्यांना जमायला जवळजवळ तीन वर्षं गेली. आणि जमल्यावरही पट्टी उचलली की आधी मान मागे वळवायची लकब काही गेली नाही. 1962 मध्ये हे छापून आलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. नुसतं "हं" म्हणाली.

पट्टीवरून अंदाज येतो, पण खात्री हवी म्हणून छातीची चार-पाच पिसं मुळासकट काढून पाकिटातून एका प्रयोगशाळेकडे पाठवली. आता पिसावरून डीएनए तपासून नर की मादी ते सांगतात. आठवड्याभरात ई-मेल आला. बंडू मादी!

मी फोन हातात घेऊन बसले. एकाच वेळी घातलेली ती आठ-आठ अंडी, बाबांचा टॉर्च, "हवामान मानवत नसेल"... दोन माद्या असल्या की दोघी अंडी घालतात, म्हणून एवढी, आणि ती उबणार नसतात. बेबीची तपासणी करायला बेबी आता नव्हती, पण शंका घ्यायला जागाही नव्हती. बाबांनी दोन बायका आणल्या होत्या आणि अडीच वर्षं नातवंडांची वाट पाहिली होती!

आईला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "पण त्यांचं छान चाललं होतं ना? मग झालं तर."

नाव मात्र बंडूच राहिलं.

आता शोध मोठ्या वयाच्या नराचा. दोन अनोळखी माद्यांची मारामारी होण्याची भीती जास्त, म्हणून नर. पिल्लं नकोत, तर घरट्याची पेटीच द्यायची नाही. ऑगस्टमध्ये, श्रावणात, धुळ्याच्या मामांनीच निरोप आणला. देवपुरात एका घरी एकटा नर होता. मुलाला बंगळूरला नोकरी लागली होती, आणि आईवडिलांना पक्ष्याचं करणं होत नव्हतं. पिसाचा रिपोर्टही होता. मी शनिवार-रविवार जोडून गेले.

त्याच्या आदल्या रात्री मी आईला विचारलं. मला विचारायलाच हवं होतं, कारण वाचलेलं सगळं एकच सांगत होतं. माणसाळलेल्या लव्हबर्डला त्याच्या जातीचा सोबती मिळाला की माणसात त्याचा जीव राहीलच असं नाही.

"आई, ती तुझ्याकडे यायची बंद होईल कदाचित."

"माहीत आहे."

"मग? तुला चालेल?"

आईने खांद्यावरच्या बंडूला बोट दिलं. बंडू बोटावर आली.

"मी सत्तरची. ही अजून दहा वर्षं जगेल म्हणतेस. झुरून मेली असती तर प्रश्नच नव्हता. मरत नाही, म्हणून तर सोबत पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मी दिवसातून बारा तास खांद्यावर घेते, उरलेले बारा तास ती काय करते ते मला ऐकू येतं."

यावर मी काय बोलणार? रविवारचा माझा फोन मला आठवत होता.

एरंडोल, पारोळा करत धुळे. आईने देवपुरातल्या त्या घरी अक्षरशः स्थळ बघितलं. काय खातो? रात्री कितीला झोपतो? चावतो का? मुलाची आई सगळं सांगत होती आणि मध्येच पिंजऱ्याची जाळी पुसत होती. चहापोहे झाले. निघताना तिने राळ्यांची एक पुरचुंडी दिली, "याला याच राळ्यांची सवय आहे." आईने ती पिशवीत न टाकता हातातच धरली. परतीच्या एसटीत पिंजरा जुन्या सुती साडीखाली, आमच्या दोघींच्या मध्ये. कंडक्टरने विचारलं, "काय हे मावशी?" आई म्हणाली, "घरजावई."

जावयाला लगेच बंडूकडे नेलं नाही. नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो. आजार असला तर तेवढ्यात कळतो. भांडी वेगळी, हात धुऊन मगच दुसरीकडे. "सव्वा महिना," आई म्हणाली, "बाळंतिणीचा असतो तेवढाच." दोघं भिंतीपलीकडून एकमेकांना हाका मारायचे. पहिल्याच रात्री बंडू गप्प झोपली, असं आईने मला सांगितलं.

सव्वा महिना संपला घटस्थापनेच्या सुमारास, 3 ऑक्टोबरला. मग दोन पिंजरे शेजारी, पण हातभर अंतर ठेवून, म्हणजे जाळीतून पाय चावता येऊ नये. आठ दिवस बंडू फुगून, चोच उघडून अंगावर जायची. जावई कोपऱ्यात. मग हळूहळू दोघं आपापल्या पिंजऱ्याच्या जवळच्या टोकाला झोपू लागले. मग पुढच्या खोलीत दोन्ही दारं उघडली. बंडूच्या पिंजऱ्यात नाही, कारण तिथे बंडूचं राज्य. पुढची खोली कोणाचीच नव्हती. तिथे दोन वेळा चकमक झाली, आई टॉवेल घेऊन उभी. तिसऱ्या दिवशी जावयाने मान खाली घातली आणि बंडूने त्याच्या डोक्याची पिसं विंचरली. दिवाळीला नवा मोठा पिंजरा आला. दोघांनाही अनोळखी, म्हणून भांडण नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. दांडीवर दोघं चिकटून बसलेले. जावई बंडूला चोचीतून भरवत होता. बंडू घेत होती.

आई फ्रेममध्ये पूर्ण दिसत होती. दोन्ही खांदे मोकळे.

"येत नाही का गं आता?" मी विचारलं.

"दार उघडं ठेवते. चार दिवसांपूर्वी आली होती, नॅपकिनवर बसली दोन मिनिटं. मग त्याने तिकडून हाक मारली." पुढे म्हणाली, "बरं, तू जेवलीस का?"

त्या दिवसापासून मी रोज फोन करते. फार मोठं काही करत नाही, दहा मिनिटं बोलतो. दादाही करतो, त्याच्या सकाळी. आईने महिला मंडळ परत सुरू केलं. आणि जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीला, तीन वर्षांनी ती पुण्याला आली. पंधरा दिवसांसाठी! दाणापाणी शेजारच्या काकूंकडे. काकू रोज संध्याकाळी फोन पिंजऱ्याजवळ धरायच्या, तिकडून नुसता कलकलाट. "मजेत आहेत मेले," आई म्हणायची आणि फोन जरा जास्तच वेळ कानाला लावून ठेवायची.

पहिल्याच संध्याकाळी तिने भाकरी करायला घेतली. मी पीठ काढून दिलं. ओट्याशी उभी राहताना तिने खुंटीवरचा माझा नॅपकिन काढला, घडी घातली आणि डाव्या खांद्यावर टाकला.

मी काही बोलले नाही. भाकऱ्या झाल्यावर तिच्याच लक्षात आलं. हसली, नॅपकिन काढून परत खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी भाकरी करताना मी तो आधीच ओट्यावर ठेवला होता. असो.